कॉमर्सच्या प्रवेशासाठी बाबांचा राजीनामा

माझ्या कॉमर्सच्या प्रवेशासाठी माझ्या वडिलांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला.

हे वाक्य मी आजवर पुष्कळ ठिकाणी उच्चारलं आहे. लग्नाच्या पंगतीत, कचेरीतल्या सहकाऱ्यांमध्ये, एकदा तर जबलपूरहून नागपूरला जाणाऱ्या गाडीत समोरच्या अनोळखी बाईंपुढे. ऐकणाऱ्याचा चेहरा एकदम मऊ होतो. त्या बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला आणि आपल्या डब्यातल्या पुऱ्या माझ्यापुढे केल्या. असा बाप आता मिळायचा नाही, म्हणाल्या. मी मान खाली घातली आणि पुऱ्या खाल्ल्या. वाक्य अक्षरशः खरं आहे. फक्त ते तिथेच थांबवावं लागतं. पुढचं सांगितलं तर लोक पुऱ्या परत मागतील.

आज पुढचं सांगतो.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं, पण प्रांताचं नाव अजून मध्य प्रांत आणि वऱ्हाड असंच होतं आणि राजधानी होती नागपूरला. बाबा सरकारी हिशेब कचेरीत हेडक्लार्क होते. वर्ध्याहून त्यांची जबलपूरला बदली झाली आणि आम्ही तिघं तिथल्या घमापुरात दोन खोल्यांत राहायला आलो. बाबांचं कचेरीतलं सगळं काम इंग्रजीत चाले, त्यामुळे हिंदीवाचून त्यांचं काही अडत नसे. आई भाजीवालीशी सरळ वर्ध्याच्या मराठीत बोलायची आणि शेवटी एक 'है' लावून द्यायची. "ही वांगी किडकी है." भाजीवाली मुकाट्यानं वांगी बदलून द्यायची. मला या प्रकाराची फार लाज वाटे.

कारण मी हिंदी शिकलो होतो. वर्षभर गल्लीतल्या पोरांबरोबर हुंदडून मी 'अच्छा' आणि 'चलो' हे शब्द श्वासागणिक वापरायला लागलो होतो. माझी अशी खात्री झाली होती की हिंदी म्हणजे मराठीच, फक्त ती जरा छाती काढून बोलायची. अडलं तर मराठी शब्द घ्यायचा, त्याचा शेवट ओढायचा, की झालं. घरातला दुभाष्या मीच. दारावर कोणी आलं की आई म्हणायची, "वसंता, पाह्य बरं तो काय म्हणून राहिला." मी जाऊन यायचो आणि सांगायचो. मी सांगितलेलं नेहमी बरोबर असे, कारण ते तपासणारं घरात कोणी नव्हतं.

मी मॅट्रिक झालो तेव्हा बाबांनी कॉमर्सचं आधीच ठरवून टाकलं होतं. देश आपला झाला, म्हणजे आता त्याचे हिशेबही आपल्यालाच ठेवावे लागणार, असं ते म्हणत. मॅट्रिकनंतर दोन वर्षं इंटर आणि मग दोन वर्षं बी.कॉम. शहरातल्या एका कॉलेजात कॉमर्सचे वर्ग नुकतेच निघाले होते. पण तिथे प्रवेशाला काय काय लागतं आणि फी कशी भरायची, हे आमच्या ओळखीत कोणालाच धड माहीत नव्हतं. अर्ध्या दिवसाची रजा काढून मी तुझ्याबरोबर येतो, असं बाबा म्हणाले. मी म्हणालो, "तुम्ही कशाला? तुम्हाला त्यांची भाषा समजायची नाही."

(हे वाक्य मी म्हणालो. बाबा नव्हे.)

कॉलेजच्या खिडकीमागे शुक्लाजी नावाचे क्लार्क बसले होते. शुल्क घेणाऱ्या माणसाचं नाव शुक्ल असावं, या विनोदावर मी रांगेत उभ्या उभ्या बराच वेळ हसलो. तेव्हा मला हसायला वेळ होता. शुक्लाजी खादी घालत, आणि देश स्वतंत्र झाल्यापासून त्यांनी इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा नाही असा नेम धरला होता. इंग्रजीला संस्कृत शब्द सापडला तर संस्कृत, फारसी सापडला तर फारसी, त्यांना दोन्ही चालत. ते साधं 'ॲडमिशन' आणि 'ट्यूशन फी' म्हणाले असते तर माझे वडील सुखरूप राहिले असते.

"दाखिला चाहिए?" त्यांनी विचारलं.

दाखला माझ्या खिशात होता. शाळा सोडल्याचा, हेडमास्तरांच्या सहीचा.

"जी नहीं. वो तो मिल गया," मी म्हणालो.

"मिल गया? किसने दिया?"

"हेडमास्टर साहब ने."

शुक्लाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला आणि मला नव्यानं पाहिलं. "तो भैया, यहाँ क्यों आए हो?"

"कॉमर्स पढ़ने."

हिंदीत दाखिला म्हणजे प्रवेश. हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. क्लार्क जरा मंद दिसतो, एवढीच नोंद मी मनात केली. शुक्लाजींनी माझ्याविषयी नेमकी तीच केली असणार. मग ते सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागले. मॅट्रिक पास हवं, इंग्रजी आणि गणितात बरे गुण हवेत, चालचलनाचा कागद हवा. हे सगळं माझ्याकडे होतं. नंतर त्यांनी पैशांचं काढलं. प्रवेश शुल्क एकदाच, क्रीडा शुल्क वर्षाला, आणि शिक्षा शुल्क दर महिन्याला.

"शिक्षा?" मी विचारलं.

"हाँ, शिक्षा."

"हर महीने?"

"हर महीने."

मी जरा हबकलो. शाळेत शिक्षा व्हायची ती काही केल्यावर व्हायची. इथे ती दरमहा ठरलेली आणि तिचे पैसेही आपणच द्यायचे. मी खिडकीत आणखी वाकलो. "और जिसने कुछ किया ही न हो, उसको भी?"

"सबको," शुक्लाजी म्हणाले. "बिना शिक्षा के महाविद्यालय काहे का? हाँ, लड़का होनहार निकले तो प्राचार्य जी आधी माफ़ कर देते हैं."

हे मला न्यायाचं वाटलं. चांगल्या मुलाला निम्मी शिक्षा. कॉलेज कडक आहे पण आंधळं नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि निघणार, तोच शुक्लाजींनी मला थांबवलं.

"पिताजी क्या करते हैं?"

"सरकारी नौकर हैं. हिसाब के दफ़्तर में."

"बहुत अच्छा. तो उनका राज़ीनामा ले आना. शनिवार आख़िरी दिन है."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. (आयुष्यात असं मला क्वचितच वाटतं.) मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. वडिलांच्या हातचा राजीनामा, खाली सही, त्याशिवाय नाव दाखल होणार नाही. मागच्या वर्षी दोन मुलांचे वडील ऐन वेळी मागे फिरले होते, म्हणून आता नियम पक्का झाला होता.

"और पिताजी का मन न हो तो?"

शुक्लाजी हसले. "राज़ीनामा तो ख़ुशी से ही लिखा जाता है, भैया. ज़बरदस्ती का राज़ीनामा भी कोई राज़ीनामा हुआ?"

घरी येईपर्यंत मी या नियमामागचं कारण शोधून काढलं होतं. न कळलेल्या गोष्टीचं कारण शोधण्यात मी तेव्हापासूनच तरबेज आहे. आई कणीक मळत होती आणि बाबा चहा पीत होते. मी आधी शिक्षा शुल्काचं सांगितलं. आईनं विचारलं, तिथे पोरांना मारतात का. मी म्हणालो, मारत नाहीत, पैसे घेतात. मग मी राजीनाम्याचं सांगितलं.

आईचा कणकेतला हात थांबला. "शिकायचं यानं अन् नोकरी सोडायची तुम्ही? काहून?"

मी काहून ते समजावलं. बाबा हिशेब कचेरीत. मी हिशेब शिकणार. उद्या मी ऑडिटर होऊन बाबांच्याच कचेरीचे हिशेब तपासायला गेलो तर? बाप लिहिणार, मुलगा तपासणार, आणि रात्री दोघं एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन जेवायला बसणार. इंग्रजांच्या वेळी हे खपलं असतं. आता आपलं राज्य आहे, कारभार स्वच्छ हवा. मी इतकं छान बोललो की माझं मलाच भरून आलं.

बाबा कचेरीची पेन्सिल घरी आणत नसत. चुकून खिशात आलीच तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन त्याबद्दल साहेबांची माफी मागत. अशा माणसापुढे स्वच्छ कारभाराचं नाव काढायला नको होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे."

तरी ते हिशेब कचेरीतले होते, एका तोंडी साक्षीवर विश्वास ठेवणारे नव्हते. संध्याकाळी ते शेजारच्या दुबेजींकडे गेले. दुबेजी म्हातारे गृहस्थ, दिवसभर घरीच असत. त्यांचा मुलगा अलाहाबादला शिकून वकील झाला होता. बाबांनी आपल्या तुटक्या हिंदीत विचारलं की मुलाला कॉलेजात घालताना पित्याचा राजीनामा लागतो का. दुबेजी म्हणाले, लागतो तर. मीही दिला होता. मोठ्या आनंदानं दिला होता.

बाबांनी दुबेजींकडे पाहिलं, त्यांच्या बाजेकडे पाहिलं, हुक्क्याकडे पाहिलं, आणि ते घरी परत आले. म्हणाले, "त्यांनीही दिला. तेव्हापासून घरीच आहेत बिचारे."

आईचा विरोध दोन दिवस टिकला. तुमची नोकरी गेल्यावर शिक्षेचे पैसे भरायचे कुठून, असा तिचा साधा प्रश्न होता. तेव्हा बाबांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली जी आम्ही आजवर ऐकली नव्हती. बाबांना घड्याळं दुरुस्त करायचा नाद होता, हे आम्हाला ठाऊक होतं. गल्लीतली सगळी बंद घड्याळं आमच्या घरी येत आणि चालू होऊन जात. पण घमापूरच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर टेबल टाकून घड्याळवाला व्हावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या शिंप्याशी त्यांचं बोलणंही झालेलं होतं, वर्षभरापूर्वी. "सोडायला काही कारण नव्हतं," ते म्हणाले. "आता नियमच आहे." दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते गुणगुणत होते. माझ्या शिक्षणाच्या आनंदानं, असं मी समजलो.

राजीनामा त्यांनी इंग्रजीत लिहिला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मसुद्यांत तो सर्वांत देखणा असावा. मूळ प्रत साहेबांना आणि नक्कल कॉलेजला, असं त्यांनी ठरवलं. साहेब पंजाबी होते, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. राजीनामा वाचून ते खुर्चीतून उठलेच. एकाएकी का सोडता, असं त्यांनी विचारलं. बाबांनी आयुष्यात प्रथमच साहेबांशी हिंदीत बोलायचं धाडस केलं आणि ते म्हणाले, "कॉलेजवाले माँग रहे हैं."

साहेबांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. कॉलेजवाल्यांनी माझा माणूस मागून घेतला, असं त्यांना वाटलं. आपला हेडक्लार्क प्रोफेसर होऊन चालला. त्यांनी नोटिशीचा महिना माफ केला, कारण कॉलेजचं वर्ष सुरू होत होतं आणि मुलांचं नुकसान होता कामा नये. कागद सोमवारच्या टपालानं नागपूरला मंजुरीसाठी जाणार होता, पण शुक्रवारीच निरोप समारंभ करायचं ठरलं. साहेबांनी भाषण केलं, हार घातला, कचेरीतर्फे एक छत्री दिली. भाषणात ते पुन्हापुन्हा विद्यार्थ्यांचा उल्लेख करत होते. बाबा घरी येऊन म्हणाले, "साहेबांना वसंताच्या शिक्षणाची एवढी कळकळ असेल असं वाटलं नव्हतं." बाबांच्या हाताखालच्या ज्युनियरनं तर त्याच संध्याकाळी आपली दऊत बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्याच दिवशी शहरातल्या मराठी लोकांच्या मंडळात सगळे जमले होते. कोणीतरी माझी चौकशी केली आणि मी सगळं खुलाशानं सांगितलं. मी ते मराठीत सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी मराठीत ऐकलं. त्यामुळे ज्यांच्या तीन पिढ्या जबलपुरात गेल्या होत्या अशा लोकांनाही त्यात काही खटकलं नाही. ते फक्त घाबरले. पोस्टातले धोटेकाका आपल्या हरीला कॉमर्सलाच घालणार होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, इंग्रज परवडला. आणखी दोन सरकारी नोकर वडील त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. उद्या प्रिन्सिपॉलकडे शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. हिंदी उत्तम येणारा आणि नियमांचा जाणकार म्हणून मला पुढे घालण्यात आलं.

शनिवारी मी आधी खिडकीवर जाऊन माझं काम उरकलं. शुक्लाजींनी बाबांच्या राजीनाम्याची नक्कल हातात घेतली आणि नाक मुरडलं. इंग्रजीत कशाला लिहिलं, म्हणाले. मी म्हणालो, सरकारी माणूस आहेत. त्यांनी खालची सही पाहिली, शिक्का मारला आणि विचारलं, "ख़ुशी से लिखा ना?"

"जी," मी म्हणालो. "दफ़्तर में हार भी पहनाया गया."

शुक्लाजींचे डोळे ओले झाले. मुलाच्या शिक्षणाला बापानं होकार दिला म्हणून कचेरीनं हार घातला, हे त्यांनी आजवर कुठे ऐकलं नव्हतं. देश खरोखरच बदलतो आहे, असं ते शेजारच्या क्लार्कला म्हणाले.

तिथून आम्ही प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत गेलो. ते मूळचे साताऱ्याकडचे निघाले, त्यामुळे माझ्या हिंदीची गरजच पडली नाही. धोटेकाकांनी थेट विचारलं, पोरगं शिकवायचं म्हणून बापानं नोकरी सोडून भीक मागायची का. प्रिन्सिपॉलसाहेबांना काही कळेना. असं कोणी सांगितलं, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे झालो. मी म्हणालो की तत्त्व म्हणून नियम योग्यच आहे आणि माझ्या वडिलांनी तो पाळलेलाही आहे. फक्त पोस्टखात्यात हिशेब फार नसतात, तेव्हा धोटेकाकांना सवलत देता आली तर बरं. प्रिन्सिपॉलला त्यांच्याच कॉलेजचा नियम मी समजावून देत होतो आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्यांनी घंटी वाजवून शुक्लाजींना कागद घेऊन बोलावलं. बाबांचा राजीनामा त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग पुन्हा वाचला. मग त्यांनी मला शांतपणे विचारलं, "हे शुक्लाजींनी काय म्हणून मागितलं होतं?"

"राजीनामा म्हणून."

"राजी म्हणजे काय रे?"

"राजी म्हणजे तयार. कबूल."

"आणि नामा?"

"नामा म्हणजे कागद," मी म्हणालो, आणि तिथे मला किंचित घाम आला.

"राजी असल्याचा कागद," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. "मुलाच्या शिकण्याला वडील राजी आहेत आणि खर्च करतील, एवढंच लिहून हवं होतं. दोन ओळी."

धोटेकाका हळूच खाली बसले. मीही काही कमी नव्हतो. मी विचारलं की सर, मग मराठीत नोकरी सोडताना आपण त्याला राजीनामा काहून म्हणतो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, ते काही मला सांगता यायचं नाही, पण तुझ्या वडिलांना आज ते जास्त उपयोगाचंही नाही. मला त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, हे त्यांनी मला दारापर्यंत सोडायला येताना सांगितलं. सगळं एकदम सांगितलं तर मला झेपेल की नाही, अशी त्यांना शंका असावी.

घरी आलो तेव्हा बाबा एक अलार्म घड्याळ उघडून बसले होते. मी सांगितलं. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं.

"म्हणजे तसा नियम नाही?" ते म्हणाले.

"नाही."

"कुठेच नाही?"

मला वाटलं होतं ते रागावतील, निदान छत्रीकडे तरी हात जाईल. पण त्यांचा चेहरा नुसता पडला. शाळेला अचानक मिळालेली सुट्टी अर्ध्या दिवसात रद्द व्हावी, तसा. त्यांनी घड्याळाचे सगळे बारीक स्क्रू गोळा करून डबीत भरले. मी आजवर केलेल्या घोटाळ्यांत मला खरोखर टोचलेला क्षण तो एकच आहे.

आईनं लुगडं बदललं. साहेबांच्या बंगल्यावर मी जाते, म्हणाली. मी म्हणालो, मी येतो, तुला बोलता यायचं नाही. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी ओसरीवर जाऊन बसलो.

पुढचं मला साहेबांनीच बऱ्याच दिवसांनी सांगितलं. आई मागच्या दारानं त्यांच्या पत्नीकडे गेली, आणि ज्या गोष्टीला मी आता एवढी पानं खर्च केली ती तिनं एका वाक्यात सांगितली. "बाईसाहेब, हमारा पोरगा हिंदी बोला, म्हणून त्याच्या बापाची नोकरी गया है." बाईसाहेब हसल्या. मग साहेब बाहेर आले, त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि ते इतके मोठ्यानं हसले की फाटकावरचा चपराशी धावत आत आला. राजीनामा अजून बंगल्यावरच, नागपूरला जायच्या टपालाच्या थैलीत पडलेला होता. त्यांनी तो काढून आईच्या हातात दिला. छत्री ठेवा, म्हणाले, पावसाळा आहे.

बाबा सोमवारी कचेरीत गेले. ज्युनियरनं आपली दऊत मुकाट्यानं परत नेली. साहेब त्यानंतर बाबांना 'प्रोफेसर' अशीच हाक मारत. पुढे रीतसर पेन्शन घेऊन बाबा त्या शिंप्याच्या ओट्यावर टेबल टाकून बसले आणि पुष्कळ वर्षं बसले. तो आठवडा माझा मस्त गेला होता रे, असं त्यांनी एकदा मला सांगितलं, आणि लगेच भिंग डोळ्याला लावून घेतलं.

त्याच सोमवारी मी फी भरायला गेलो, पण या वेळी आई बरोबर होती. मी मागे पिशवी धरून उभा होतो. तिनं बाबांनी लिहिलेल्या दोन ओळी खिडकीत सरकवल्या आणि म्हणाली, "हा राजीनामा खरावाला है. तो दुसरा द्या वापस." शुक्लाजींनी तत्परतेनं दिला. मग तिनं फीचा एकेक आकडा विचारला आणि बोटांवर जुळवून पाहिला. शिक्षा शुल्कापाशी ती थांबली.

"ही आधी माफ करा है."

शुक्लाजी म्हणाले की त्यासाठी मुलगा होनहार असावा लागतो. आईनं वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरगा तर कसाबसाच है," ती म्हणाली, "पण त्याचा बाप फार राजी है." शुक्लाजी उठले, अर्ज घेऊन स्वतः आत गेले आणि निम्मी फी माफ करवून आले. त्या दिवसापासून ते आईला दीदी म्हणायला लागले.

मी चार वर्षांत बी.कॉम. झालो, पुढे खरोखर ऑडिटर झालो आणि लोकांच्या चुका काढण्याबद्दल मला जन्मभर पगार मिळाला. पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगायची राहिली. नव्या मुलांचे प्रवेश चालू होते. खिडकीवर शुक्लाजींनी स्वतःच्या सुंदर अक्षरात एक पाटी लावली होती: 'मराठी छात्र कृपया अपनी माताजी को साथ लाएँ.'

मी ती पाटी पुन्हापुन्हा वाचली. अर्थ मला अगदी स्पष्ट कळला होता. तरी घरी जाऊन आईला विचारून घेतला.